मुलाखतीत नाव दुरुस्त केलं, तर मुलगा वाया गेला का?

प्रश्न : सर, आम्ही इंदूरला राजेंद्र नगरात राहतो. मुलगा बी.ई. कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंटर्नशिपच्या मुलाखतीत समोरचे 'लिनक्स' म्हणाले, तर यानं 'लिनक्स नाही, ग्नू/लिनक्स' असं सांगितलं आणि दहा मिनिटं त्यावरच बोलत राहिला. निवड झाली नाही. वर्षभर तो एका मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करत होता. नवी आवृत्ती आली, तिच्यात याच्या ओळी आहेत, नाव मात्र दुसऱ्याचंच. तेव्हापासून त्यानं ते काम उघडलेलं नाही. हे म्हणतात, फुकटच्या कामाला नाव कोण देणार, सोडून दे. मी त्याला काय सांगू? — एक आई

उत्तर : ताई, तुमचा मुलगा उगाच हट्ट करत नव्हता, हे आधी घरात सगळ्यांना सांगा. त्या आग्रहामागे मोठा इतिहास आहे.

सप्टेंबर 1983 मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. कोणीही वापरावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी अशी संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, त्यांना उभी करायची होती. पुढच्या काही वर्षांत कम्पायलर, एडिटर, शेल असे बहुतेक भाग तयार झाले. अडलं होतं ते कर्नलपाशी, म्हणजे यंत्राशी थेट बोलणाऱ्या गाभ्यापाशी. तो 1991 मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सनं लिहिला आणि 1992 मध्ये ग्नूच्याच जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला. दोन्ही एकत्र आल्यावर जे चालू लागलं, त्याला लोक नुसतं 'लिनक्स' म्हणू लागले. स्टॉलमन यांचं म्हणणं असं, की ग्नूचं नाव गळलं की हे सारं कशासाठी सुरू केलं होतं तेही गळतं. मला हे पटतं. डेबियन ही अशीच एक सिस्टिम आजही स्वतःला 'डेबियन ग्नू/लिनक्स' म्हणवते.

पण याच गोष्टीचा पुढचा भागही मुलाला माहीत हवा. टोरवाल्ड्सच्या मनात आधी 'फ्रीक्स' असं नाव होतं. ज्यानं ते सर्व्हरवर ठेवलं, त्या आरी लेम्के यांनी फोल्डरला 'लिनक्स' नाव दिलं आणि तेच रुजलं. शिवाय अँड्रॉइडमध्ये कर्नल लिनक्सचा आहे, पण भोवतीची अवजारं ग्नूची नाहीत. अल्पाइन लिनक्स या सिस्टिमचंही तसंच: तिथे ग्नूच्या सी लायब्ररीऐवजी 'मसल' ही दुसरी लायब्ररी असते आणि रोजच्या कमांडसाठी 'बिझीबॉक्स' हे दुसरं सॉफ्टवेअर. म्हणजे सरसकट 'ग्नू/लिनक्स म्हणा' हेही बरोबर नाही. कोणत्या सिस्टिममध्ये कोणाचं काय आहे, हे त्यानं दोन वाक्यांत सांगितलं असतं तर ते ज्ञान म्हणून ऐकलं गेलं असतं. तेवढ्यानंच निवड हुकली असं मी म्हणणार नाही. पण मुलाखत घेणाऱ्याला दुरुस्त करण्यात दहा मिनिटं गेली, की स्वतःचं काम दाखवायला वेळ उरत नाही.

आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकेवरून किती रुसवेफुगवे होतात, तुम्हाला ठाऊक आहे. काकांचं नाव राहिलं, आत्याचं खाली गेलं. सॉफ्टवेअरमध्येही हे घडलेलं आहे. बर्कले विद्यापीठाच्या सॉफ्टवेअरचा जो जुना बीएसडी परवाना होता, त्यात अट होती, की जाहिरातीत विद्यापीठाचा उल्लेख करायचा. इतरांनी आपापली नावं घालून तीच अट वापरली. नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 1997 च्या आवृत्तीत स्टॉलमन यांनी असे 75 उल्लेख मोजले. शेवटी 1999 मध्ये बर्कलेनं आपल्यापुरती ती अट काढून टाकली.

आता भाषांतराचं. मला यात खरं दुःख दिसतं, आणि ते हसण्यावारी नेऊ नका. अशा मुक्त सॉफ्टवेअरसाठी वापरला जाणारा 'ओपन सोर्स' हा शब्द फेब्रुवारी 1998 मध्ये क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवला. तो जगभर गेला, पण कित्येकांना तो त्यांचा आहे हे माहीतच नव्हतं. त्यांनी आपली हकीकत सविस्तर लिहून प्रसिद्ध केली ती 2018 मध्ये, तब्बल 20 वर्षांनी. तुमच्या मुलानं इतकं थांबू नये.

त्याच्याजवळ पुरावा आहे. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर कोणी लिहिला आणि तो आत कोणी घेतला, या दोन नोंदी वेगळ्या राहतात. भाषांतराच्या ओळी ज्यात साठवतात त्या पीओ फाइलच्या डोक्यावर भाषांतर करणाऱ्यांची नावं लिहायची जागा असते. पुष्कळदा सांभाळणारा माणूस पाच-दहा जणांच्या फाइली एकत्र करून एकाच खेपेत चढवतो आणि त्यात नावं पुसली जातात. दर वेळी लबाडीच असते असं नाही. मुलानं त्या सांभाळणाऱ्याला शांतपणे मेल लिहावा: अमुक तारखेला या इतक्या ओळी मी पाठवल्या होत्या, कृपया फाइलच्या माथ्यावर आणि श्रेयसूचीत माझं नाव घालावं. पुढच्या वेळी 'सह-लेखक' म्हणून ओळ जोडायला आधीच सांगावं. मूळ कॉपीराइटची सूचना काढू नये, असं बहुतेक परवाने बजावतात. पण मुख्य पानावर नाव झळकवण्याचं बंधन सहसा नसतं. मागणी करताना हा फरक त्यानं लक्षात ठेवावा.

त्याच्या बाबांच्या 'फुकट' या शब्दाबद्दलही बोलायला हवं. इंग्रजीत मुक्त आणि फुकट या दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून तिकडे चाळीस वर्षं समजावत बसावं लागलं. आपल्याला ती अडचण नाही. हे काम मुक्त आहे. या कामावर पगार घेणारी माणसं पुष्कळ आहेत. टीव्ही, राउटर, मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांना कोणता भाग कोणत्या परवान्याखाली आला हे तपासणारी माणसं लागतात. त्यासाठीची एसपीडीएक्स ही नोंदणीची पद्धत 2021 पासून आंतरराष्ट्रीय (आयएसओ) मानक आहे. ज्या मुलाला श्रेयाची आणि परवान्याची इतकी चाड आहे, त्याला या कामात गोडी वाटेल असं मला वाटतं. सर्व्हर सांभाळण्याच्या नोकऱ्याही आहेतच. 'गुगल समर ऑफ कोड' 2005 पासून चालतं. 18 वर्षं पूर्ण झालेल्या नवख्यांना त्यात मुक्त प्रकल्पावर काम करून मानधन मिळतं. पुढच्या फेरीसाठी त्यानं आतापासून एखाद्या प्रकल्पाशी ओळख वाढवावी.

रेझ्युमेत 'मराठी भाषांतर केलं' एवढंच नको. किती ओळी, कोणत्या आवृत्तीत, कोणाबरोबर, हे सगळं लिहावं. बरोबरीनं काम केलेल्यांची नावंही घालावीत.

तो मेल मात्र या आठवड्यातच जाऊ द्या. पाठवण्याआधी मसुदा बाबांना मोठ्यानं वाचून दाखवायला सांगा. त्यांना कुठे कडवट वाटलं, तर ती ओळ बदलावी.