दिवसभराची घाटातली राइड तासांत आखा

प्रश्न असा आहे: मोटरसायकलवर 320 किलोमीटर, जवळजवळ सगळा घाटरस्ता, सकाळी 9 ला निघून अंधाराच्या आत परत. जमेल का, आणि गाडीचं काय काय बघून घ्यायचं?

आखलंय तसं जमणार नाही. हिशेब करून बघा. वळणावळणाच्या रस्त्यावर चांगला हात बसलेल्या माणसाचीसुद्धा सरासरी ताशी 40 च्या आसपास राहते. यू वळणं जास्त असली किंवा रस्ता उखडलेला असला की 30. मधल्या सरळ पट्ट्यात काटा 70 वर जातो, त्यामुळे आपण भराभर पुढे चाललोय असं वाटतं, पण पुढचं वळण ती कमाई परत घेतं. 320 ला 40 ने भागलं की 8 तास नुसते सीटवर. त्यात दर सव्वा तासाला 15 मिनिटांचा थांबा, जेवणाचा पाऊण तास, पेट्रोल, फोटो, कुठेतरी अवजड वाहनामागे अडकणं, असे अडीच तास सहज जातात. म्हणजे संध्याकाळचे साडेसात. आणि हे सगळं सुरळीत झालं तर.

त्याऐवजी 220 किलोमीटर धरा आणि 7 ला निघा. साडेपाच तास गाडीवर, अडीच तास थांबे, म्हणजे 3 वाजता परत. सूर्यास्तापर्यंत जो वेळ उरतो तो पंक्चर, पाऊस, चुकलेला फाटा यांच्यासाठी आहे. तो मधल्या एखाद्या जास्तीच्या ठिकाणासाठी खर्च करू नका.

रस्त्याचा क्रमही महत्त्वाचा. सगळ्यात अवघड घाट पहिल्या तीन तासांत उरकला पाहिजे, आणि परतीला रुंद, सोपा रस्ता ठेवा, तो 20 किलोमीटर लांबचा असला तरी. जेवणानंतरचा तास सुस्तीचा असतो आणि शेवटच्या दोन तासांत हात, मान, डोळे सगळंच थकलेलं असतं. वर संध्याकाळचं तिरपं ऊन थेट हेल्मेटच्या काचेवर येतं आणि पुढच्याच वळणाला डोंगराची गडद सावली. त्या बदलाला डोळे सरावेपर्यंत सावलीतली खडी दिसत नाही.

आता गाडी. आदल्या दिवशी बघा, निघायच्या सकाळी नको, कारण तेव्हा सापडलेल्या दोषावर काही करता येत नाही. टायरमधली हवा गाडी थंड असताना मोजायची, आकडा मॅन्युअलमधला किंवा गाडीवरच्या स्टिकरवरचा घ्यायचा. मागे माणूस किंवा सामान असेल तर त्याचा आकडा वेगळा असतो. चालून गरम झालेल्या टायरमध्ये दोन-तीन पीएसआय जास्त दिसतात. ते बघून वाटेत हवा सोडू नका. ‘पकड चांगली मिळते’ म्हणून हवा कमी ठेवायचा सल्ला डांबरी घाटासाठी चुकीचा आहे: गाडी वळणात जड होते, टायर जास्त तापतो.

चेन ढिली किती असावी तेही मॅन्युअलमध्ये असतं, बऱ्याच गाड्यांना 25 ते 35 मिलिमीटर. मागचं चाक फिरवत चेन जिथे सगळ्यात ताठ लागते तिथे मोजा. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका ढिल्या जागी मोजून आवळली की ताठ जागा तणावात येते, आणि मागचं सस्पेन्शन दबल्यावर सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो.

ब्रेकवर जरा जास्त बोलतो, कारण घाटात घात इथेच होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट 4 प्रतीचं ताजं ऑइल किमान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, ओल शोषलेल्याला हीच मर्यादा 155 अंशांची. लांब उतारावर ब्रेक सतत धरून ठेवला की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तापतो, जुनं ऑइल उकळतं, नळीत वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे लिव्हर मऊ होतो, हँडलच्या दिशेने जास्त जास्त आत येतो आणि गाडी मात्र हवी तशी थांबत नाही. लिव्हर असा लागला की पुढच्या सुरक्षित जागी थांबायचं आणि ब्रेक पूर्ण थंड होऊ द्यायचे. पाणी ओतायचं नाही. ऑइल बदलून दोन वर्षं झाली असतील तर राइडच्या आधी बदला. पॅडही बघा, झिजेच्या खुणेपर्यंत आले असतील तर बदलूनच निघा.

उतरताना गिअर तोच, जो तो चढ चढायला लागला असता. वेग इंजिनाने रोखायचा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना, ठाम दाबायचा आणि सोडायचा, म्हणजे मध्ये थंड व्हायला वेळ मिळतो. उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. म्हणून मागचा ब्रेक जोरात दाबला की चाक लॉक होऊन घसरतं. न्यूट्रलमध्ये किंवा क्लच दाबून उतरणं पूर्ण बंद.

वळणात नजर कुठे असावी? रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळालेल्या दिसतात त्या बिंदूवर. तो बिंदू पुढे सरकू लागला की वळण उघडतंय, हळूहळू ॲक्सिलरेटर द्या. जागेवरच थांबलाय किंवा आपल्याकडे येतोय, तर वळण आवळतंय, वेग अजून उतरवा. जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, आणि एकेरी रुंदीचा रस्ता असेल तर त्याच्या निम्म्यात, कारण समोरच्यालाही थांबायला जागा लागणार. 40 ऐवजी 60 ने गेलात तर ब्रेक लावल्यावरचं अंतर सव्वादोन पट होतं. आणि एक गोष्ट बरेच जण विसरतात: चाकं मधल्या रेषेच्या आत असली तरी झुकल्यावर डोकं रेषेपलीकडे जातं, थेट समोरून येणाऱ्या वाहनापुढे. आंधळ्या वळणात त्या रेषेपासून लांब राहा.

चढाच्या यू वळणात गाडी बंद पडून आडवी होण्याचे प्रकार होतात. वळणाच्या आधीच पहिला गिअर, क्लच अर्धवट, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. वळणाच्या मध्यात गिअर बदलू नका.

पेट्रोल अर्धी टाकी झाली की भरा, चढावर नेहमीचं ॲव्हरेज धरू नका. दर 1000 मीटर चढलात की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणून वाऱ्याचं जॅकेट वरच्या बाजूला ठेवा. सोबत प्लग किट (ट्यूबलेस टायरचं पंक्चर बुजवायचं) आणि हवेचा पंप, ट्यूबवाले टायर असतील तर टायर काढायचे लिव्हर आणि जादा ट्यूब (आणि त्या घरी एकदा वापरून बघितलेल्या), क्लच केबल, फ्यूज, चेनची जोडकडी, चिकटपट्टी, प्लास्टिकचे टाय.

गटात असाल तर वळणांच्या भागात एकामागे एक, मध्ये भरपूर अंतर, आणि पुढच्याचा वेग आपला मानायचा नाही. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने मागचा दिसेपर्यंत थांबायचं, म्हणजे मागे राहिलेल्याला गाठायची घाई होत नाही.

थकवा अंगदुखीच्या आधी चालवण्यात दिसतो. लागोपाठ दोन वळणांत आत शिरल्यावर ब्रेक लावावा लागला, इंडिकेटर चालूच राहिला, गिअर चुकला, नजर पुढच्या चाकाजवळ खिळायला लागली: यातलं एक जरी झालं तरी ठरलेल्या थांब्याची वाट बघू नका. गाडीवरून उतरा, हेल्मेट काढा, पाणी प्या, 20 मिनिटं बसा.

निघण्याआधी परत फिरण्याची वेळ लिहून ठेवा, उदाहरणार्थ 11. तोपर्यंत ठरलेला माथा आला नसेल तर असाल तिथून वळा. ही वेळ आणि मार्ग घरच्या एका माणसाला पाठवून ठेवा, कारण घाटात बराच काळ रेंज नसते आणि फोन लागला नाही तर शोध कुठून सुरू करायचा हे त्याला कळलं पाहिजे.