कुटुंबाच्या संरक्षणासाठी घरात रिव्हॉल्व्हर ठेवावं का?

तुम्ही विचारलंय की शेजारी घरफोडी झाली, महिन्यातले दहा-बारा दिवस तुम्ही कामासाठी बाहेरगावी असता, घरी बायको आणि सहा व नऊ वर्षांची दोन मुलं असतात, तर परवाना काढून रिव्हॉल्व्हर घ्यावं का.

माझ्याकडे गेली अकरा वर्षं परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे. शस्त्राचा मला तिटकारा नाही आणि तुमची भीती खोटी आहे असंही मी म्हणणार नाही. पण तुमचा प्रश्न वाचताना एक गोष्ट लगेच खटकली. ज्या रात्रींची तुम्हाला काळजी आहे, त्या रात्री तुम्ही घरात नसणार. म्हणजे शस्त्र चालवायचं तुमच्या बायकोने. आणि एवढ्या लांबलचक प्रश्नात तिला काय वाटतं याचा एक शब्दही नाही. शिवाय अनेक देशांत परवाना माणसाच्या नावावर मिळतो, घराच्या नाही. तो तुमच्या नावावर असेल तर तुमच्या मागे तिने ते हातात घेणं कायद्यात बसतं का, हे आधी बघा.

आता माझा अनुभव. मुलं लहान होती म्हणून मी रिव्हॉल्व्हर एका पेटीत आणि काडतुसं दुसऱ्या पेटीत, दोन्हींना कुलूप, अशी व्यवस्था केली होती. एकदा ठरवलं की मध्यरात्री खरंच किती वेळ लागतो ते मोजू. बायकोने मोबाईलवर वेळ लावली, दिवा बंद. मी अंथरुणातून उठलो, चाचपडत पहिली पेटी उघडली, मग दुसरी, सिलेंडर बाहेर काढून एकेक काडतूस भरायला लागलो. हात थरथरत नव्हते, कारण भीती कसलीच नव्हती. तरी बावन्न सेकंद लागले. दरवाजा तोडून कुणी आत आलं असतं तर एवढ्या वेळात ते आमच्या खोलीपर्यंत पोचलं असतं.

पण मला आजही घाम फुटतो तो दुसऱ्या दिवशीच्या सकाळमुळे. अंधारात एक काडतूस हातातून निसटलं होतं. परत ठेवताना मी मोजलीच नाहीत. सकाळी मुलगी कॉटखालून ते मुठीत घेऊन आली आणि विचारलं, "बाबा, हे तुमचं आहे का?" अशा सरावाला नकली काडतुसं वापरायची असतात, हे मला माहीत होतं. तरी कंटाळा केला. घरात शस्त्र असलं की असल्या कंटाळ्याला जागा नसते, आणि माणूस अकरा वर्षं रोज सावध राहू शकत नाही. मी तरी नाही राहू शकलो.

खरा पेच इथेच आहे. पटकन हाताशी येईल असं ठेवलं तर ते मुलांच्याही हाताशी येतं, आणि मुलांपासून नीट लांब ठेवलं तर ऐनवेळी उपयोगाचं राहत नाही. अमेरिकेत हाच मुद्दा हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. वॉशिंग्टन शहराचा नियम होता की घरातली बंदूक रिकामी आणि सुटी करून ठेवा, नाहीतर चापाला कुलूप लावा. अशा बंदुकीने स्वतःचं रक्षण करताच येत नाही, म्हणून २००८ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी तो नियम रद्द झाला. हक्काचा निकाल लागला, पण सहा वर्षांच्या मुलाच्या हाताचं काय, हे ज्याचं त्याच्यावरच राहिलं. बोटाच्या ठशाने उघडणाऱ्या छोट्या तिजोऱ्या मिळतात, त्यांनी वेळ वाचतो. पण घामेजल्या बोटाला त्या कधीकधी दाद देत नाहीत.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते, तरी सांगतो. चार वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ नोकरी गेल्यावर आमच्याकडे राहायला आला. हळूहळू बोलेनासा झाला, जेवण सुटलं. एका रात्री बायको मला म्हणाली, "ते घरात नको." दुसऱ्या दिवशी मी रिव्हॉल्व्हर रीतसर अधिकृत ठिकाणी जमा केलं. आठ महिने ते तिथेच होतं. भाऊ उपचारांनी सावरला. त्याच्या मनात तेव्हा काय चाललं होतं हे त्याने पुढे मला सांगितलं, आणि बायकोचं ऐकलं याबद्दल मी देवाचे आभार मानले.

चोराचा विचार करून शस्त्र घेणाऱ्याच्या डोक्यात ही बाजू नसते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. टोकाचा विचार पुष्कळदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. हाताशी बंदूक असेल तर ओसरायला वेळच मिळत नाही. इस्रायली सैन्याने २००६ मध्ये सुट्टीवर घरी जाणाऱ्या तरुण सैनिकांना शस्त्र तळावरच ठेवायला लावलं, तर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटलं. सुट्टीतल्या घटल्या आणि इतर दिवशीच्या वाढल्या नाहीत. तुमच्या घरी आज कुणी खचलेलं नसेल. पण मुलं नऊ वर्षांचीच राहणार नाहीत, सोळा-सतराची होतील.

बाकीचं थोडक्यात. बंद खोलीत गोळी सुटली की आवाज दीडशे डेसिबलच्या वर जातो, काही वेळ काही ऐकू येत नाही, मुलांची हाकसुद्धा. पातळ भिंतीतून गोळी आरपार जाते, म्हणून कुठल्या भिंतीपलीकडे मुलं झोपतात हे अंधारातही माहीत हवं. आणि कायदा जवळपास सगळीकडे हेच विचारतो की बळ खरंच गरजेचं होतं का आणि धोक्याच्या मानाने जास्त होतं का. सामान घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपी तुम्हीच.

तुमच्या जागी मी असतो तर आधी दाराकडे बघितलं असतं. जाड चौकट, आतून आडणा, बाहेर हालचालीने लागणारा दिवा, आणि आतली एक खोली जिथे बायको मुलांना घेऊन कडी लावून बसेल आणि फोन करेल. चोराला सामान हवं असतं. त्याच्या आणि मुलांच्या मधे दोन बंद दारं असणं हे बावन्न सेकंदांच्या रिव्हॉल्व्हरपेक्षा मला जास्त भरवशाचं वाटतं. तुम्ही नसताना शेजाऱ्यांपैकी कुणाला तरी तसं सांगून ठेवा.

तरीही घ्यायचंच असेल, तर अर्ज करण्याआधी तिला घेऊन नेमबाजीच्या रेंजवर जा. प्रशिक्षकाच्या हाताखाली तिला पन्नास गोळ्या झाडू द्या, तुम्ही मागे उभे राहा आणि सूचना देऊ नका. घरी आल्यावर मुलं झोपली की विचारा, मी नसताना हे कपाटात असलेलं तुला चालेल का. ती नको म्हणाली किंवा नुसती गप्प राहिली, तर अर्ज करू नका.