प्लगिनवाल्याला एकच काम दोनदा करायला लावू नको

बाय,

परवा मडगावच्या स्टँडवर कदंबाच्या बसची वाट बघताना तू जे एका दमात सांगितलंस ते फोंड्याला पोचेपर्यंत माझ्या डोक्यातून गेलं नाही. एकाच सॉफ्टवेअरचे दोन फोर्क, म्हणजे एकच कोड घेऊन दोन गट वेगळे झालेले, दोन्हीकडची माणसं तुझ्या ओळखीची, दोघंही म्हणतात आमच्याकडे ये, प्लगिनचा रेपो, म्हणजे सॉफ्टवेअरला बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामांच्या कोडचा साठा, नेमका तुझ्या ताब्यात, आणि तुला दोघांना परत एकत्र आणायचंय. तू विचारलंस, "काका, कोण बरोबर होतं ते आधी ठरवायला नको का?" तेवढ्यात बस आली म्हणून मी बोललो नाही. आता सांगतो, नको. ते कधीच ठरत नाही. आणि समजा ठरलं, तरी जो चूक ठरला तो कशाला परत येईल?

तू आधी प्लगिन बघ. दोन्हीकडच्या मोठ्या लोकांनी काय वाटेल ते ठरवू दे, प्लगिन लिहिणाऱ्या माणसाला एकच काम दोनदा करायला लागता कामा नये. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, आणि या पत्रात ते मी परत परत म्हणणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

कंपिझ आणि बेरिल तुला माहीत नसतील, तू तेव्हा बालवाडीत असशील. २००६ च्या सुरुवातीला नॉव्हेल कंपनीच्या डेव्हिड रेव्हमनने कंपिझ बाहेर काढलं, लिनक्सवर विंडो ओढली की ती जेलीसारखी डुलायची, डेस्कटॉप ठोकळ्यासारखा फिरायचा, आणि हे सगळं प्लगिनवर चालायचं, अगदी विंडो हलवणं आणि लहानमोठी करणं ही साधी कामंसुद्धा वेगवेगळी प्लगिनं होती. त्याच वर्षी सप्टेंबरात बेरिल वेगळं झालं. प्लगिनं लिहिणारे दोन्हीकडे वाटले गेले, इकडचं प्लगिन तिकडे चालेना, तेच काम लोक दोन ठिकाणी करत बसले. २००७ मध्ये एकत्र आले ते कसे, ते नीट बघ. गाभा कंपिझचाच ठेवला, आणि प्लगिनं, विंडोची सजावट, सेटिंगची साधनं हे सगळं एका छताखाली आणून त्याला कंपिझ फ्यूजन म्हटलं. प्लगिनांचे तीन गठ्ठे केले, मेन, एक्स्ट्रा आणि अनसपोर्टेड. म्हणजे कच्चं प्लगिन कुणी फेकून दिलं नाही, त्याला एक फळी दिली आणि वर स्पष्ट लिहिलं की याची हमी नाही. मला हे फार आवडतं. नवीन आलेल्या पोराचं प्लगिन तिसऱ्या फळीवर का होईना पण घरात आहे.

आणि नंतर काय झालं तेही ऐक, कारण लोक गोष्ट एकत्र येण्यापाशीच थांबवतात. २०१० ला ०.९ आलं, गाभा सी भाषेतून सी प्लस प्लस मध्ये नव्याने लिहिला, कोड चांगला झाला असेलही, पण जुनं प्रत्येक प्लगिन परत पोर्ट करायला, म्हणजे नव्या गाभ्यासाठी बदलून लिहायला लागलं. सगळी झाली नाहीत. ०.८ ची ओळ पुढे कंपिझ रीलोडेड नावाने वेगळी चालत राहिली. बघितलंस? दोनदा लिहायला लावलं की हे असं होतं.

उलट जेनकिन्स बघ, कोड आपोआप बांधून तपासणारं सॉफ्टवेअर. त्याचं आधीचं नाव हडसन, २०११ ला त्या नावाच्या हक्कावरून ओरॅकलशी वाद झाला, कम्युनिटीने मतदान करून नावच सोडून दिलं आणि जेनकिन्स झाले. पण आज त्यांचा जावा कोड उघड, आत पॅकेजांची नावं अजून हडसनचीच आहेत. दिसायला बरं नाही, नवीन माणूस गोंधळतो, पण ती नावं बदलली असती तर सगळी जुनी प्लगिनं एका रात्रीत मेली असती. बाहेरची पाटी बदल हवी तेवढी. आतल्या ज्या नावांवर दुसऱ्याचं काम टांगलेलं आहे त्यांना हात लावू नको.

तुमच्या घरी चवथीला गणपतीच्या वर माटोळी, म्हणजे फळाफुलांची चौकट, बांधतात ना? आमच्या मूळ घरात चुली पाच झाल्या तरी माटोळी एकच. कोण नारळाची पेंड आणतो, कोण सुपारीचं शिपटं, कोण रानातनं हुडकून काहीतरी, केवणीच्या दोराने ज्याचं त्याने बांधायचं. वाद दरवर्षी होतात, पण छतातल्या कड्या कुणी हलवत नाही, कारण चौकट त्या कड्यांच्या मापाने केलेली असते. तुझ्या सॉफ्टवेअरमधले हुक, म्हणजे गाभ्यातल्या ज्या नावांना प्लगिन टांगतात ती, तेच त्या कड्या.

आता माझं सांगतो, कारण तुला एवढ्या तावातावाने का लिहितोय ते कळायला हवं. पंधरा वर्षांपूर्वी आम्ही काही जण ग्रंथालयांसाठी एक छोटा प्रोग्राम चालवायचो. तो फुटला. मुख्य मेंटेनर, म्हणजे कोड सांभाळणारा, म्हणाला की सगळ्यांनी आपापल्या कोडचा कॉपीराइट एकाच्या नावावर सही करून द्या, मी म्हणालो देणार नाही, लोकांनी जीपीएल, म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला ठेवायचं लायसन्स, बघून कोड दिलाय, तो कुणा एकाच्या खिशात जाता कामा नये. आजही म्हणतो, माझं बरोबर होतं. तेव्हा मला हट्टी म्हणाले, म्हणू देत, मी आजही सही करणार नाही.

पण फोर्क केल्यावर आमच्या बाजूला मी एक काम केलं. हुकची नावं बदलली. जुनी नावं घाणेरडी होती, कॅपिटल-स्मॉलचा मेळ नव्हता, म्हटलं आता आपलं घर आहे तर नीट लावू. एका शनिवारी बसून सगळी बदलली, हौसेने. वाळपईचे एक मास्तर होते, त्यांनी बारकोडचं प्लगिन लिहिलेलं, पुस्तकांच्या चिठ्ठ्या साध्या प्रिंटरवर अशा छापायचे की पाठकोऱ्या कागदावरसुद्धा स्कॅन व्हायच्या. त्यांना आता दोन प्रती सांभाळायला लागल्या, एक तिकडच्या नावांची, एक माझ्या नावांची. शाळा सुटल्यावर रात्री बसून करायचे. सात-आठ महिने केलं. मग दोन ओळींची मेल आली, दोन्हीकडे जमत नाही, कुणीतरी घ्या. कुणी घेतलं नाही. मीही नाही घेतलं, मला वाटलं तिकडचे घेतील. स्कॅनर कपाटात गेले आणि रजिस्टरं परत बाहेर आली.

मी जुनी नावं टोपणनावं म्हणून ठेवली असती तर चाळीस ओळींचं काम होतं गं. चाळीस ओळी!

म्हणून सांगतो, दोन्हीकडची हुकची नावं चालू ठेव, एक मधला थर लिही जो दोन्ही ओळखेल, आणि रोज रात्री प्रत्येक प्लगिन दोन्ही गाभ्यांवर लोड होतं का ते मशीनला तपासायला लाव. लायसन्स आधी बघ, जुळत नसेल तर बाकी सगळं फुकट. रजिस्ट्री, म्हणजे जिथून सगळे प्लगिनं उतरवून घेतात ते कोठार, एकच ठेव. जावास्क्रिप्ट चालवणारं नोड आणि त्याचा फोर्क आयओ.जेएस डिसेंबर २०१४ ला फुटले आणि सप्टेंबर २०१५ ला नोड ४.० म्हणून एक झाले, त्या मधल्या काळात दोघंही एनपीएम या एकाच रजिस्ट्रीवरून पॅकेजं घेत होते, परत येणं सोपं झालं त्याला हेही एक कारण. पण रजिस्ट्रीला नियम हवेत. मार्च २०१६ ला एका नावाच्या वादातून चिडून एकाने लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज काढून घेतलं आणि जगभर लोकांचे बिल्ड पडले, म्हणजे त्यावर टेकलेले प्रोग्राम तयारच होईनात. तेव्हा प्रत्येक प्लगिनची किल्ली दोघांकडे दे, एक इकडचा, एक तिकडचा. सोडलेलं प्लगिन दत्तक द्यायची पद्धत आधीच लिहून ठेव, आमच्यासारखं 'तिकडचे घेतील' नको.

आणि तो 'विलीनीकरण' शब्द तुझ्या मसुद्यातनं काढ. गोव्यात राहून तुला हे सांगायला लागतंय? आमच्या घरात १९६७ च्या ओपिनियन पोलला आजोबा फुलवाले, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हा म्हणणारे, आणि मामा दोन पानांवाले, म्हणजे गोवा वेगळा ठेवा म्हणणारे, पुढे कितीतरी वर्षं एका पंगतीला बसले नाहीत. विरघळून जायला कुणालाच आवडत नाही. 'एकत्र काम' लिही, साधं.

तू म्हणालीस की आधी दोन्ही मेंटेनरना एका खोलीत बसवते. बसव, पण तेवढ्यावर थांबून राहू नको. ते वर्षभर बोलत बसतील आणि तेवढ्या वेळात तुझे प्लगिनवाले एकेक करून जातील, न सांगता जातील, ते भांडत नाहीत म्हणून तुला कळणारसुद्धा नाही. मधला थर लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. आज रात्री सुरू कर.

रविवारी फोंड्याला ये. येताना सगळ्या प्लगिनांची यादी आण, प्रत्येकापुढे लिहिणाऱ्याचं नाव आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख. ज्यांची तारीख वर्षापेक्षा जुनी आहे त्यांना मेल करू नको, फोन करायचा, अर्धे तू कर, अर्धे मी करतो. वाळपईला मात्र मी स्वतः जाणार आहे, त्या मास्तरांचा नंबर बदललाय पण घर मला माहीत आहे.

काका