मुदिता, कौतुक आणि ‘अनुमोदन’

प्रश्न असा आहे: मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या बौद्ध साधनेतल्या चार ब्रह्मविहारांपैकी, म्हणजे मनात वाढवायच्या चार उदात्त वृत्तींपैकी, मुदितेचा अर्थ कुठे ‘आनंद’ दिलेला असतो, कुठे ‘प्रसन्नता’. मग रोजच्या मराठीत तिला नेमका शब्द कोणता? आणि ‘मला मुदिता वाटली’ असे म्हणणे बरोबर का?

‘आनंद’ हा अर्थ तोकडा पडतो. स्वतःला बढती मिळाल्यावर होतो तो आनंद. शेजारच्या टेबलावरच्या माणसाला ती मिळाली आणि तरीही मनापासून बरे वाटले, तर ती मुदिता. धातू ‘मुद्’, म्हणजे मोद, आमोद, प्रमोद यांतलाच. पण पालीतल्या या पारिभाषिक शब्दाला दुसऱ्याचे सुख हा विषय लागतोच. तो नसेल तर मुदिता नाही.

मराठीत सर्वांत जवळचा शब्द माझ्या मते ‘कौतुक’ आहे. शेजाऱ्यांची मुलगी डॉक्टर झाली, कौतुक वाटले. इथे मत्सर नाही आणि स्वतःचा लाभही नाही. तरी दोन ठिकाणी कौतुक कमी पडते. ते बहुधा मोठ्याने लहानाचे करायचे असते, आणि त्याला काहीतरी कर्तबगारी लागते. कुणाला लॉटरी लागली तर आपण त्याचे कौतुक करत नाही. मुदितेला मात्र तेवढेही पुरते, कारण ती गुण मोजत नाही. ‘चांगलं झालं हो त्यांचं!’ हे घरगुती वाक्य मनापासून निघाले असेल, तर तेच मुदितेचे खरे भाषांतर.

गुण मोजण्याचा हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण शब्द एकच असूनही परंपरा वेगवेगळ्या आहेत. पतंजलीच्या योगसूत्रात (१.३३) याच चार भावना येतात, पण तिथे सुखी माणसाविषयी मैत्री सांगितली आहे आणि मुदिता पुण्यवानाविषयी. जैनांच्या तत्त्वार्थसूत्रात सातव्या अध्यायात मुदितेच्या जागी ‘प्रमोद’ आहे, आणि तो गुणाने अधिक असलेल्यांविषयी. बौद्ध मुदितेचा आधार दुसऱ्याची ‘संपत्ती’. इथे संपत्ती म्हणजे केवळ पैसा नव्हे, तर सुस्थिती, भरभराट. शब्दकोशांत हे तीन अर्थ अनेकदा एकाच ओळीत मिसळलेले दिसतात.

पाचव्या शतकात श्रीलंकेत बौद्ध भाष्यकार बुद्धघोषांनी लिहिलेल्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात मुदिता कशी वाढवायची त्याची रीत आहे. (या ग्रंथाच्या हार्वर्डच्या आवृत्तीवर गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचे संपादनसंस्कार आहेत.) सुरुवात शत्रूपासून करायची नाही, तटस्थ माणसापासून नाही, आणि नुसत्या प्रिय माणसापासूनही नाही. सुरुवात करायची ती जिवलग सोबत्यापासून, जो आधी हसतो आणि मग बोलतो अशापासून. त्याला सुखात पाहून किंवा त्याचे सुख ऐकून मनात म्हणायचे: ‘मोदति वतायं सत्तो, अहो साधु, अहो सुट्ठु’, म्हणजे हा जीव आनंदात आहे, किती चांगले, किती छान. (‘सुट्ठु’ म्हणजे संस्कृत ‘सुष्ठु’.) सोबत्याचे दिवस सध्या वाईट असतील, तर त्याचे पूर्वीचे सुख आठवायचे, किंवा पुढे येऊ शकेल ते डोळ्यांसमोर आणायचे. तिथे मन स्थिरावले की तटस्थ माणूस, आणि शेवटी वैरी. बहुतेकांचे इथेच चुकते. ज्याच्यावर जळफळाट होतो त्याच्यापासूनच प्रयत्न सुरू करतात, मन उसळते, आणि ‘हे आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देतात.

मुदिता बिघडते कशी, हेही तिथे नेमके सांगितले आहे. तिचा दूरचा शत्रू ‘अरति’, म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्यात मन न रमणे, एक प्रकारची नावड. तो चटकन ओळखू येतो. जवळचा शत्रू अधिक फसवा: संसारी हर्ष. भावाला घर मिळाले याचा आनंद झाला, पण आतून ‘आता पुण्यात उतरायची सोय झाली’ एवढाच असेल, तर तो मुदितेचा मुखवटा. आणि मुदिता फसली की तिचा ‘पहास’ होतो, म्हणजे नुसता हसण्या-खिदळण्याचा उन्माद.

आता वाक्यातला वापर. ‘मुदिता वाटली’ हे व्याकरणाने चुकीचे नाही, पण अर्थ निसटतो. मराठीत ‘भावना’ म्हणजे मनात उमटणारी लहर. पालीत ‘भावना’ म्हणजे वाढवणे, पुन्हा पुन्हा करून रुजवणे. आयुर्वेदात चूर्णाला आवळ्याच्या रसाच्या सात भावना देतात, म्हणजे रस घालून घोटायचे, सुकवायचे, परत घोटायचे. बौद्ध अर्थ त्याच्या जवळ जातो. म्हणून ‘मुदिता बाळगणे’ किंवा ‘मुदिता वाढवणे’ म्हणावे.

याच ओघात एक सावधगिरी. मुदितेच्या विरोधात मराठीतले लेख ‘मत्सर’ लिहितात, ते मराठीपुरते ठीक आहे. पण पाली ‘मच्छरिय’ म्हणजे मत्सर नव्हे. तो कंजूषपणा, आपले दुसऱ्याला मिळू नये ही वृत्ती. दुसऱ्याचे पाहून जळणे याला पालीत ‘इस्सा’, संस्कृत ‘ईर्ष्या’. मराठीत मात्र ‘ईर्षेने खेळला’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा तिथेही जपूनच.

मुदितेचा एक सख्खा शब्द मराठीत रोज वावरतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही: ‘अनुमोदन’. सभेत एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे. अर्थ उरला तो संमतीचा. बौद्ध ‘अनुमोदना’ म्हणजे दुसऱ्याने केलेल्या दानात, पुण्यात आपण आनंदाने सामील होणे. महाराष्ट्रातल्या बौद्ध वंदनेत शेवटी तीन वेळा ‘साधु, साधु, साधु’ म्हणतात, तो ‘साधु’ आणि बुद्धघोषांच्या वाक्यातला ‘अहो साधु’ हा शब्द एकच.