चौथीतली मुलगी इंग्रजी लिहिताना फुलस्टॉप देत नाही, कॅपिटल अक्षरं कुठेही टाकते. घरी कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी सेमी इंग्रजीत आहे, वाचते बऱ्यापैकी, पण दहा ओळी लिहायला सांगितल्या की दहाही ओळींचं मिळून एकच वाक्य होतं. शिवाय तुमचं इंग्रजी बेताचं, त्यामुळे तपासायला धाकधूक वाटते. मी प्राथमिकच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, आणि ही तक्रार इतकी नेहमीची आहे की नवा वर्ग आला की पहिल्या आठवड्यात मी तेवढंच बघतो.

आधी कॅपिटल बाजूला ठेवा. फुलस्टॉप सुधारला की निम्मी कॅपिटल अक्षरं आपोआप जागेवर येतात.

विरामचिन्हं आपल्या मुलांना नवी नसतात. पूर्णविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह ती मराठीच्या पुस्तकात रोज बघतात. आपण ही चिन्हं घेतलीच मुळी इंग्रजीकडून. जुन्या मोडी कागदांत शब्द तोडून लिहायचीसुद्धा पद्धत नव्हती; मेजर कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने १८५० साली विरामचिन्हांवर पुस्तक लिहिलं आणि मग ती मराठीत हळूहळू रुळली. हिंदीसारखा उभा दंडही आपण देत नाही, इंग्रजीसारखा टिंबच देतो. मग मराठी निबंधात नीट पूर्णविराम देणारी मुलगी इंग्रजीत का विसरते?

माझ्या मते याचं कारण क्रियापदाची जागा. 'मी सकाळी दादाबरोबर बसने शाळेत गेले.' इथे 'गेले' आलं की वाक्य संपलं हे कानालाच कळतं. इंग्रजीत 'आय वेंट' हे सुरुवातीलाच होऊन जातं, आणि पुढे 'टू स्कूल, विथ माय ब्रदर, बाय बस, इन द मॉर्निंग' असं शेपूट हवं तेवढं लांबवता येतं. थांबायची खूणच सापडत नाही. म्हणून मुलं 'अँड देन'चा आधार घेतात. 'आय वेंट टू मामाज व्हिलेज अँड देन वी सॉ अ बफेलो अँड देन इट वॉज रेनिंग अँड देन वी केम होम.' तुमच्या घरातल्या वहीत असं नक्की असेल.

तेव्हा 'फुलस्टॉप दे' असं ओरडून काही होत नाही. कुठे द्यायचा हे शोधायला शिकवावं लागतं. तिचंच लिहिलेलं पान घ्या आणि दोनच प्रश्न विचारा: कोण? आणि काय केलं? 'आय' 'वेंट' ही एक जोडी. 'वी' 'सॉ' ही दुसरी. प्रत्येक जोडीखाली तिला पेन्सिलीने रेघ मारू द्या. नवी जोडी सुरू व्हायच्या आधी टिंब, आणि मधलं 'अँड देन' खोडायचं. वरच्या लांबलचक वाक्याची चार छोटी वाक्यं होतात. ती रुक्ष वाटतील, वाटू द्या. 'बिकॉज', 'व्हेन' घालून वाक्यं जोडणं पुढच्या इयत्तांचं काम आहे. चौथीत सुटी वाक्यं नीट लिहिता आली तर खूप झालं.

तपासताना एक युक्ती फार उपयोगी पडते: शेवटच्या वाक्यापासून वर वाचत जायचं. सुरुवातीपासून वाचलं की मूल आपल्या गोष्टीत रमतं आणि न दिलेला फुलस्टॉपही मनातल्या मनात वाचून टाकतं. उलटं वाचताना प्रत्येक वाक्य एकटं समोर येतं आणि अर्धवट किंवा चिकटलेलं लगेच दिसतं.

आता कॅपिटलकडे. इथे दोन वेगळ्या चुका असतात आणि पालक त्या एकच समजतात.

पहिली चूक हाताची. सी, ओ, एस, व्ही, डब्ल्यू, एक्स, झेड या अक्षरांचं लहान आणि मोठं रूप सारखंच असतं, फरक फक्त उंचीचा. के आणि पीसुद्धा जवळपास तसेच. चार रेघी वहीत ही उंची रेघांमुळे सांभाळली जाते; एकरेघी वही हातात आली की शब्दाच्या मधला एस, के फुगतो. अशा मुलाला नियम पाठ असतो, हात ऐकत नाही. तेव्हा चुकीची अक्षरं नुसती मोजून बघा. 'बुक'मधला के, 'स्कूल'मधला सी अशीच जर बहुतेक निघाली, तर व्याकरण शिकवू नका, चार रेघी वही पुन्हा आणा आणि तेवढी आठ-नऊ अक्षरं शब्दांत घालून गिरवून घ्या. ए, बी, डी, ई, जी, आर अशी वेगळ्या रूपाची अक्षरं मधेच मोठी येत असतील, तर मात्र ती दुसरी चूक, नियमाचा घोळ आहे.

नियम आपल्या मुलांना खरंच परका असतो, कारण देवनागरीत लहान-मोठं अक्षर हा प्रकारच नाही. 'पुणे' आणि 'पाणी' आपण एकाच 'प'ने लिहितो. म्हणून सगळे नियम एकदम सांगू नका. आधी फक्त तीन: वाक्याचं पहिलं अक्षर, स्वतःसाठीचा 'आय', आणि माणसांची-गावांची नावं. 'आय' वाक्याच्या मधे आला तरी मोठाच, हे दोन-तीनदा सांगावं लागेल. तिन्ही अंगवळणी पडले की वार आणि महिने. मग सण, भाषा आणि 'इंडियन'सारखे शब्द. पुढची गंमत मुलांना आवडते: 'मार्च' मोठ्या अक्षराने, पण 'समर' लहान. 'मराठी', 'इंग्लिश' मोठ्याने, 'सायन्स' वाक्यात आला तर लहान. 'माय मदर' लिहिताना एम लहानच, कारण ते नाव नव्हे. आपल्याकडे आईबद्दलच्या आदरापोटी एम मोठा करणारी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना रागावणं जिवावर येतं.

स्वल्पविरामाबद्दल थोडक्यात. 'श्वास घेतला की कॉमा' असं बऱ्याच शाळांत सांगतात, ते विसरायला लावा. 'पाऊस पडत होता, आम्ही घरी आलो' हे मराठीत खपून जातं. इंग्रजीत अशी दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडत नाहीत. या वयाला कॉमा यादीपुरता पुरे: 'मँगोज, बनानाज अँड ग्वाव्हाज.'

तुमचं इंग्रजी बेताचं आहे म्हणून सुचवतो. तिच्याच पाठ्यपुस्तकातला, आधी शिकून झालेला चार-पाच ओळींचा उतारा घ्या. एकही चिन्ह न देता, सगळं लहान अक्षरांत कागदावर उतरवून द्या आणि तिला दुरुस्त करू द्या. मग पुस्तक उघडून ताडून बघायचं. उत्तर पुस्तकात आहे, तेव्हा तपासनीस तीच. कधी उलट करा, उतारा तिने मोडावा आणि तुम्ही चुका शोधाव्यात. आई किंवा बाबा चुकले की मुलं फार खूश होतात, आणि उतारा मोडताना त्यांना प्रत्येक चिन्हाकडे बघावंच लागतं. आठवड्यातून दोन-तीनदा, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको.

परीक्षेत चिन्हं घालायचा सुटा प्रश्न येतो, त्यात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं त्याच पेपरातल्या निबंधात एकही टिंब देत नाहीत. म्हणून सरावाच्या पुस्तिकांवर पैसे घालवण्यापेक्षा तिचं स्वतःचं लेखन वापरा. आणि ते हाताने लिहिलेलं. मोबाइलवर टिंबानंतरचं अक्षर कीबोर्डच मोठं करून देतो, दोनदा स्पेस दाबली की टिंबही येतो. तिथे शिकायला काही उरत नाही.

वहीवर एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा. या महिन्यात फुलस्टॉप, तर चुकलेल्या कॅपिटलकडे काणाडोळा. अख्खं पान लाल झालं की मुलं कमी लिहायला लागतात, आणि कमी लिहिलं की चुका कमी दिसतात म्हणून आपण समाधान मानतो.

अपॉस्ट्रॉफी (शब्दात वरच्या बाजूला देतात ती स्वल्पविरामासारखी खूण) आणि अवतरणचिन्हं एवढ्यात नकोत. अपॉस्ट्रॉफीचं 'डोन्ट' आणि 'आयम'पुरतं बघा. दुकानांच्या पाट्यांवर आणि मेन्यूकार्डांवर प्रत्येक अनेकवचनाच्या एसआधी ती टांगलेली असते, तिथून मुलं उचलतातच. विचारलंच तर 'एकाहून जास्त असलं की नुसता एस' एवढं सांगा. अवतरणचिन्हांना सहावी उजाडू दे. 'तो म्हणाला, मी येतो' हे इंग्रजीत दोन तऱ्हांनी फिरवता येतं आणि त्यात काळही बदलतो, तेव्हा ते त्या धड्याबरोबर शाळेतच शिकू द्या.