ट्रंकेतले कागद

प्रश्न : ताई, नमस्कार. महसूल खात्यातून निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. पणजोबांच्या वेळचे मोडी कागद ट्रंकेत आहेत. ‘रिटायर झालो की वाचीन’ असं वीस वर्षं म्हणत होतो. मुळाक्षरं गिरवलीही, पण महिन्याभरात वही मिटली ती मिटलीच. वेळ आहे, तब्येत बरी आहे, तरी बसावंसं वाटत नाही. उत्साह आणायचा कुठून?
– एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : भाऊ, कचेरीत तुम्ही रोज उत्साहाने जात होता का? मी ३६ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. भर पावसात सव्वासातची एसटी धरायचा उत्साह मला एकदाही आला नाही. वर्गात पोरं येऊन बसलेली असायची, म्हणून पाय निघायचे. निवृत्त झाल्यावर वेळ हातात आला, पण वाट बघणारं कुणी उरलं नाही. तुमचंही तिथेच अडलंय. स्वतःला आळशी म्हणू नका.

साठाव्या वर्षी मी पेटी शिकायला घेतली. चार महिने बरे गेले. मग मृग लागला, दमट हवेने पट्ट्या फुगल्या. मध्यमाची पट्टी दाबली की खालीच बसायची, नखाने उचलावी लागे. मला निमित्तच मिळालं. पेटीवर चादर टाकली, ती वर्षभर तशीच. वर सोलांची टोपलीसुद्धा ठेवली होती. आमच्या वाडीतल्या बायकांच्या भजनात पेटी वाजवणारी मुलगी लग्न होऊन गेली, तेव्हा काकी दारात येऊन म्हणाल्या, “बाई, गणपतीत तुम्ही बसायचं.” दोन महिने हातात होते. दुसऱ्या दिवशी चादर काढली, फुगलेली पट्टी मिस्त्रीकडून घासून आणली. आरत्या आणि चार अभंग, एवढंच बसवलं, तेही काळी चारमध्ये, कारण काकींचा गळा तिथे लागतो. पहिल्याच रात्री दुसऱ्या घरी माझा भाता थांबला, सूर तुटला. बायका म्हणतच राहिल्या, मी पुढच्या ओळीला त्यांना गाठलं.

तेव्हा अख्खी ट्रंक मनातून काढा. एकच कागद निवडा, लहानसा. आणि गणपतीला घरी येणाऱ्या चाकरमानी भावंडांना आजच फोन करून सांगा, की या चतुर्थीला पणजोबांचा एक कागद वाचून दाखवतो.

मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओढून मग तिला अक्षरं टांगत जातात. शब्द सुटे नसतात, म्हणून सगळी ओळ एकच शब्द वाटते आणि माणूस धीर सोडतो. पहिल्या ओळीपासून सुरुवात करूच नका. आधी मिती, म्हणजे तारीख, शोधा. आकडे बाळबोधच्या, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीच्या, जवळचे असतात. शके १८०७ दिसलं तर ७८ मिळवा, म्हणजे इसवी सन १८८५. मिती माघ-फाल्गुनातली असेल तर ७९. मग गावाचं नाव, आडनावं, आणि खोत, कूळ, सारा हे शब्द हुडका. ते तर तुमच्या हाताखालून आयुष्यभर गेलेत, तिथे तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात.

एक मात्र लगेच करा. कागद पत्र्याच्या ट्रंकेतून काढून सावलीत वारा द्या आणि कोरड्या सुती रुमालात बांधा. वाळवी चतुर्थीपर्यंत थांबणार नाही.

शके सापडला की मला एक पोस्टकार्ड टाका. मी वाट बघते.