नर्सरीतल्या मुलीला शाळेत रोज ऊन लागतं. शाळेला नेमकं काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की मुलगी साडेतीन वर्षांची आहे, नाशिकमध्येच नर्सरीत जाते, साडेबाराला शाळा सुटली की पाळणाघरात राहते, आणि संध्याकाळी बघावं तर गाल आणि मान लालबुंद. शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं, "मुलांना ऊन लागलंच पाहिजे, व्हिटॅमिन डी मिळतं." तुम्ही उगाच काळजी करताय का, हा तुमचा प्रश्न. अजिबात नाही. मी सिडकोतल्या एका बालवाडीत 14 वर्षं बाई होते. त्या अनुभवावरून सांगते, शाळेशी बोलायला जाण्याआधी एक दिवस सव्वाबारा वाजता शाळेच्या गेटवर जाऊन उभं राहून बघा.

पालकांचा सगळा राग मैदानावर असतो. पण खेळाचा तास बहुतेक सकाळीच होतो. जास्त ऊन लागतं ते शाळा सुटताना. दप्तर पाठीवर, टोपी दप्तरात, रांग उघड्यावर, आणि रिक्षावाले काका येईपर्यंत दहा-वीस मिनिटं तसंच उभं राहायचं. आपलं घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशावर चालतं आणि नाशिक त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. त्यामुळे इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, साडेबाराच्या आसपास. म्हणजे दिवसातलं सगळ्यात कडक ऊन आणि आपली सुटीची घंटा, दोन्ही एकाच वेळी. आमच्या शाळेत हे लक्षात यायला मला कितीतरी वर्षं लागली, याचं अजून वाईट वाटतं.

त्यातही एप्रिल-मे मध्ये भिंतीच्या सावलीचा भरवसा धरू नका. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून इमारतीच्या उत्तरेला भर दुपारीही सावली मिळते. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र नाशिकला शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य अगदी डोक्यावर. त्याच्या मागेपुढे कित्येक आठवडे भरदुपारी भिंतीची सावली वीतभरच पडते. तेव्हा वर काहीतरी हवं. झाड, पत्रा, नेट, काहीही.

सटाणा-देवळ्याकडे डाळिंबाच्या झाडांवर जुन्या साड्या पांघरलेल्या तुम्ही पाहिल्या असतील. फळाला उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून शेतकरी एवढं करतो. शेडनेट तर आपल्या जिल्ह्यात गावोगाव मिळते. तीच गेटपासून वर्गापर्यंत बांधायला शाळेला मोठा खर्च नाही. फक्त 50 टक्क्यांची घेऊ नका, ती अर्धं ऊन खाली सोडते. 75 किंवा 90 टक्क्यांची घ्या, उंच आणि ताणून बांधा, म्हणजे खाली हवा खेळती राहील. पावसाळ्यात शेजारी कडुनिंब किंवा करंज लावा, पण झाड मोठं होईपर्यंत नेट हवीच.

आता घसरगुंडी. आमच्याकडे पत्र्याची होती. मार्चमध्ये साडेअकराच्या सुमाराला चार वर्षांचा एक मुलगा हाफ पँटमध्ये तिच्यावर बसला आणि किंचाळला. मांड्यांच्या मागे फोड आले होते. त्या वेळी मैदानावर मीच होते. हवा काही फार गरम नव्हती, म्हणून पत्रा इतका तापला असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तेव्हापासून मुलांना सोडण्याआधी मी पत्रा, झोक्याची साखळी, काळं रबरी मॅट, सगळं हाताच्या मागच्या बाजूने तपासायचे. माझा हात पाच सेकंद तिथे टिकला नाही तर मुलं तिथे जायची नाहीत. हे तुमच्या शाळेत कोण करतं, ते नक्की विचारा.

ऊन आणि उकाडा या दोन गोष्टी आपण एकच समजतो. नाशिकच्या थंडीत, निफाडला पारा घसरल्याच्या बातम्या चालू असताना, 26 जानेवारीच्या कवायतीचा सराव अकरा-साडेअकराला उघड्या मैदानावर चालतो आणि कुणालाच काही वाटत नाही, कारण वारा गार असतो. त्वचा भाजते ती अतिनील किरणांनी, आणि ते हवा गार आहे का गरम ते बघत नाहीत. पातळ ढगांतूनही ते बरेचसे खाली येतात. सोपी खूण म्हणजे सावली. सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की ऊन कडक. आपल्या अक्षांशावर डिसेंबरातसुद्धा भरदुपारी सावली उंचीपेक्षा थोडी कमीच पडते. मी मुलांना हेच शिकवलं होतं, आणि चार वर्षांची मुलं ते इतक्या हौसेने करतात की विचारू नका. "बाई, माझी सावली छोटू झाली!" असं ओरडत आपणहून झाडाखाली पळतात.

व्हिटॅमिन डीचं म्हणणं खोटं नाही. आपल्याकडे बऱ्याच मुलांमध्ये ते कमी असतं, आणि मुलांना दिवसभर वर्गात कोंडून ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यासाठी साडेबाराच्या उन्हात रांगेत तिष्ठत ठेवायची गरज नाही, रोजचं थोडं बाहेर खेळणं असू द्या. कमतरतेची शंका असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारा, ते तपासून थेंब देतात.

ऑस्ट्रेलियात बऱ्याच शाळांत टोपी नसेल तर मैदानात खेळायला मिळत नाही, सावलीत बसावं लागतं. तिथे त्वचेच्या कॅन्सरची भीती मोठी आहे. आपल्या सावळ्या त्वचेला तो धोका खूपच कमी, त्यामुळे ती भीती इकडे आणू नका. सवय मात्र जरूर आणा. टोपी चारी बाजूंनी कड असलेली घ्या. क्रिकेटवाल्या कॅपने कान आणि मान उघडीच राहतात, आणि तुमच्या मुलीची मानच लाल होतेय. गळ्याखाली बांधायची दोरी नको, खेळताना ती अडकते. कपडे सैल, सुती, घट्ट विणीचे. सनस्क्रीन उघड्या राहणाऱ्या भागापुरतं, एसपीएफ 30 च्या वरचं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी; दोन तासांनी त्याचा उपयोग संपत येतो, म्हणजे सुटीच्या वेळी ते असून नसल्यासारखंच.

पाळणाघरात दोन गोष्टी बघा. दुपारी मुलं झोपतात ती खोली पत्र्याच्या छताखाली नाही ना, आणि चारच्या आत गच्चीवर किंवा अंगणात सोडत नाहीत ना. सहा महिन्यांच्या आतलं बाळ तिथे असेल तर त्याला थेट उन्हात न्यायचंच नाही, आणि क्रीमही नाही. नेणाऱ्या काकांना स्पष्ट सांगा की "एक मिनिटात येतो" म्हणूनसुद्धा बंद गाडीत मूल सोडायचं नाही. उन्हात उभी गाडी आतून दहा मिनिटांत दहाएक अंशांनी तापते.

लहान मुलं स्वतःहून पाणी मागत नाहीत, म्हणून शाळेत पाण्याची घंटा हवी. आणि कधी मूल गरम लागलं, सुस्तावलं, असंबद्ध बोलायला लागलं, तर खिशातला कांदा शोधत बसू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108 ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

शाळेत जाल तेव्हा एकट्याने जाऊ नका, तीन-चार पालक मिळून जा. गेटवरचा साडेबाराचा फोटो सोबत न्या आणि आधी एवढंच मागा: रिक्षा येईपर्यंत मुलं वर्गात किंवा व्हरांड्यात बसतील, काका आले की नाव पुकारतील. याला एक पैसाही लागत नाही, उद्यापासून सुरू करता येतं.